हॉलचं बुकिंग तुमचं, मग स्टेटसही पदरात पाडून घ्या

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे जळगाव-धुळ्यात डीलर मीटिंगांचा हंगाम सुरू होतो. बियाणं, खतं, ठिबक, पाइप, पंप, कीटकनाशकं, सगळ्यांना पेरणीच्या आत आपल्या विक्रेत्यांना एकत्र बसवायचं असतं. गावातली मीटिंग गावातल्या हॉटेलात होते. पण कंपनी मोठी असेल, किंवा विक्रेते नाशिक, पुणे, सुरत अशा पसरलेल्या भागातून येणार असतील, तर कार्यक्रम मोठ्या साखळीच्या हॉटेलात जातो. हॉल शोधणं, भाव करणं, जेवण ठरवणं, खोल्या धरणं, शेवटी बिल तपासणं ही सगळी कामं ऑफिसातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. त्या बुकिंगवर हॉटेल साखळी त्याला पॉइंट देते, काही ठिकाणी वर्षभराचं स्टेटसही देते. पण त्याचा मेंबरशिप नंबर करारावर नसेल तर यातलं काहीच कुणाला मिळत नाही, आणि तो नंबर तुमच्यासाठी दुसरं कुणी तिथे टाकणार नाही. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितो आहोत.

आधी पॉइंट आणि स्टेटस यांच्यातला फरक पक्का करू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. पॉइंट म्हणजे खर्चावर मिळणारी जमा. ती पुढे फुकट रात्रीसाठी वापरता येते. स्टेटस म्हणजे दर्जा: नाश्ता, चांगली खोली, उशिरा चेकआउट, लाउंज. कार्यक्रमाच्या बिलावर पॉइंट जवळजवळ सगळ्या मोठ्या साखळ्या देतात. पण कार्यक्रम मोजून थेट दर्जा देण्याचा नियम ठळकपणे आहे तो हयातकडे.

वर्ल्ड ऑफ हयात या त्यांच्या सदस्य योजनेचं गणित असं. एका कॅलेंडर वर्षात ३ पात्र मीटिंग किंवा कार्यक्रम झाले की डिस्कव्हरिस्ट, १० झाले की एक्सप्लोरिस्ट, २० झाले की ग्लोबलिस्ट. हेच दर्जे रात्रींच्या हिशोबाने अनुक्रमे १०, ३० आणि ६० रात्रींवर मिळतात, किंवा २५,०००, ५०,००० आणि १,००,००० बेस पॉइंटवर, म्हणजे स्वतःच्या मुक्कामाच्या खर्चावर मिळणाऱ्या मूळ पॉइंटवर. म्हणजे ग्लोबलिस्टपुरतं पाहिलं तर एक कार्यक्रम तीन रात्रींच्या तोलाचा. कार्यक्रम दोनशे माणसांचा होता की दहा जणांचा, याने मोजणीत फरक पडत नाही. करार एक, कार्यक्रम एक. तीन दिवसांचं शिबिर एकाच करारावर असेल तर तेही एकच.

खर्चावर मिळणारे पॉइंट वेगळे: पात्र खर्चाच्या दर अमेरिकी डॉलरमागे १ बोनस पॉइंट, एका कार्यक्रमाला जास्तीत जास्त ५०,०००. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर कर वगळून दोन लाखांच्या बिलावर साधारण २,३५० पॉइंट हातात येतात. हे बोनस पॉइंट आहेत, बेस पॉइंट नव्हेत. त्यामुळे ‘मोठी परिषद घेतली, आता १,००,००० चा टप्पा जवळ आला’ असं धरून चालू नका. दर्जासाठी कार्यक्रमांची संख्याच मोजायची. त्याचप्रमाणे हयातची माइलस्टोन बक्षिसं, म्हणजे ठराविक टप्प्यांवर मिळणारी ज्यादा बक्षिसं, रात्री किंवा बेस पॉइंट यांवर ठरतात. वीस कार्यक्रमांवर ग्लोबलिस्ट झालेल्या माणसाने साठ रात्रींवाल्याला मिळणाऱ्या सगळ्या बक्षिसांची आशा धरू नये.

आता मिळतं काय? ग्लोबलिस्टला नाश्ता, क्लब लाउंज असेल तिथे प्रवेश, उपलब्ध असेल तर साध्या स्वीटपर्यंत अपग्रेड, आणि चार वाजेपर्यंत चेकआउट. एक्सप्लोरिस्टला स्वीटच्या खालची बरी खोली आणि दोनचं चेकआउट. नाश्ता नाही. डिस्कव्हरिस्टला दोनचं चेकआउट, पाण्याच्या बाटल्या, जरा बरी खोली. स्वतःच्या मुक्कामावर मिळणारा ज्यादा बोनस तिघांना अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के. आमचं मत स्पष्ट आहे: तीनाच्या टप्प्यासाठी वेगळा आटापिटा करू नये, तो वाटेत आपोआप लागतो. दहाचा टप्पा म्हणजे अर्ध्यात सोडलेला रस्ता. खरी किंमत विसाच्या टप्प्याला आहे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पाहावं की आपल्या कंपनीच्या मीटिंग वीसच्या आसपास पोचतात का. पोचत असतील तर एकही इकडेतिकडे जाऊ देऊ नये. पोचत नसतील तर दर्जाचा नाद सोडून पॉइंटवर समाधान मानावं.

दर्जा टिकतो बराच काळ. २०२६ मध्ये मिळवलेलं ग्लोबलिस्ट त्या वर्षाचा उरलेला काळ, पूर्ण २०२७, आणि २०२८ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतं. म्हणून वीस कार्यक्रमांतले जास्तीत जास्त वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात बसवता आले तर फायदा जास्त दिवस मिळतो. खानदेशातल्या शेतीमालाशी बांधलेल्या कंपन्यांना हे सोयीचं पडतं. खरिपाच्या मीटिंग मार्च ते मे यातच होतात.

बाकी साखळ्यांचं थोडक्यात. मॅरियट बॉनव्हॉय कार्यक्रमाच्या पात्र खर्चावर डॉलरमागे २ पॉइंट देतं, साध्या सदस्याला एका कार्यक्रमाला ६०,००० पर्यंत. तिथे दर्जा रात्रींवर ठरतो: सिल्व्हर १०, गोल्ड २५, प्लॅटिनम ५०, टायटॅनियम ७५. कार्यक्रमासाठी धरलेल्या खोल्यांपैकी दर २० रूम-नाइटमागे (एक खोली एक रात्र म्हणजे एक रूम-नाइट) आयोजकाला १ एलिट नाइट, म्हणजे दर्जाच्या मोजणीत धरली जाणारी रात्र, मिळते, एका कार्यक्रमाला जास्तीत जास्त २०. चाळीस विक्रेते, दोघांत एक खोली, दोन रात्री, म्हणजे २० गुणिले २, ४० रूम-नाइट. आयोजकाच्या नावावर पडल्या २ रात्री. प्लॅटिनमच्या पन्नासात ही भर फार नाही, पण स्वतःच्या कामाच्या फिरतीतून अठ्ठेचाळीस रात्री होत असतील तर तेवढीच कमी पडलेली असते. हिल्टन डॉलरमागे १ पॉइंट देतं, कार्यक्रमाला १,००,००० पर्यंत. आयएचजीमध्ये डॉलरमागे ३ पॉइंट आहेत, पण त्यासाठी नेहमीच्या सदस्यत्वाशिवाय आयएचजी बिझनेस रिवॉर्ड्समध्ये वेगळी नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, मात्र करार करायच्या आधी केलेली असावी.

आपल्याकडे अडचण अंतराची. खानदेशात हयातचं हॉटेल नाही. जवळचं म्हणावं तर छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाजवळचं हयात प्लेस. त्यापुढे पुणे: विमाननगरचं हयात रीजन्सी, कल्याणीनगरचं हयात, हिंजवडीचं हयात प्लेस. जळगावहून पुणं रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईत सांताक्रूझचं ग्रँड हयात, गुजरातेत अहमदाबादचं हयात रीजन्सी. मॅरियटचं त्या मानाने सोपं: नाशिकला कोर्टयार्ड आहे, धुळ्याहून साधारण १६० किलोमीटर. सुरतेला आहे, नंदुरबारच्या माणसाला ताप्ती लाइनने सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येतं. इंदूरला आहे. छत्रपती संभाजीनगरचं वेलकमहॉटेल जळगावकरांच्या ओळखीचं, पण ते आयटीसीच्या वेलकमहॉटेल शाखेतलं. तिथे बॉनव्हॉयचा नंबर चालत नाही. आयटीसीची काही मोठी हॉटेलं मॅरियटच्या यादीत असतात, म्हणून हा गोंधळ होतो. हॉटेल त्या साखळीच्या अ‍ॅपवर दिसतं का, एवढं पाहिलं की शंका मिटते.

गुजरात आणि मध्य प्रदेशच्या बाबतीत एक गोष्ट हिशोबनीसाला आधीच विचारावी: जीएसटी. हॉल किंवा खोली ही स्थावर मालमत्तेशी जोडलेली सेवा आहे, त्यामुळे कर हॉटेल जिथे उभं आहे त्या राज्याचा लागतो. सुरतेतलं हॉटेल तुमच्या नावाने सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि गुजरातचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लावून बिल देणार. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्या कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. नाशिक-पुण्यात हॉलभाड्याचं क्रेडिट घेता येतं. हॉलभाड्यावर १८ टक्के कर धरला तर लाखाच्या भाड्यामागे १८,००० रुपयांचा फरक पडतो. त्यापुढे पॉइंटची किंमत किरकोळ आहे. जेवणाच्या खर्चाचं क्रेडिट मात्र जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे सहसा कुठेच मिळत नाही, महाराष्ट्रातही नाही. जेवणासकट पॅकेज घेतलं तर हॉटेलच्या वर्गाप्रमाणे कर ५ किंवा १८ टक्के असतो. म्हणून भाव विचारताना ‘कर धरून माणशी किती’ असंच विचारावं. नुसत्या ‘प्लस टॅक्स’वर दोन हॉटेलांची तुलना होत नाही.

आता एका बोर्डरूमचा हिशोब मांडू. समजा पुण्यात दहा जणांची बोर्डरूम, सकाळचा चहा, जेवण, दुपारचा चहा मिळून माणशी २,००० रुपये भाव ठरला. म्हणजे २०,००० आणि वर कर. वीस वेळा केलं तर चार लाख आणि कर. ज्या कंपनीला दर महिन्याला पुण्यात विभागाचा आढावा घ्यावाच लागतो, तिचे बारा इथेच झाले. तिमाहीला वितरकांची बैठक, म्हणजे चार. नव्या सेल्समनचं प्रशिक्षण, लेखापरीक्षणाच्या आधीची बैठक, दोन उत्पादनं बाजारात आणायचे कार्यक्रम. वीस भरले. हे खर्च होणारच होते. ते वेगवेगळ्या हॉटेलांत विखुरण्याऐवजी एका साखळीत आणले, एवढंच. उलट, काम नसताना केवळ आकडा भरायला जळगावहून पुण्याला जाऊन रिकामी बोर्डरूम घ्यायची म्हटली, तर गाडीचं पेट्रोल, टोल आणि वाया गेलेला दिवस धरून तो सौदा तोट्याचा आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना तो कधी परवडतो. आपल्याला नाही.

तसली बनावट मीटिंग आणखी एका कारणाने टाळावी. एकाच दिवशी त्याच हॉटेलात सकाळचा एक आणि दुपारचा एक असे दोन करार करणं, किंवा तीन दिवसांचा एकच कार्यक्रम तीन करारांत फोडणं, या गोष्टी नोंदीत लगेच दिसतात. गैरवापर वाटला तर पॉइंट काढून घेण्याचा, खातं बंद करण्याचा अधिकार प्रत्येक साखळीने आपल्या नियमांत राखून ठेवलेला आहे.

आता मुख्य काम, म्हणजे कागद.

चौकशीच्या पहिल्या मेलमध्येच मेंबरशिप नंबर लिहा. फोनवर सांगितलेला नंबर कुठे नोंदला जातो याचा भरवसा नाही. चौकशीत तारीख, माणसं, बसण्याची रचना, वेळ आणि जेवण एवढं असावं. रचना सांगितली नाही तर हॉटेल थिएटर पद्धतीची क्षमता सांगून हॉल देतं, आणि टेबलं मांडली की माणसं मावत नाहीत. अंदाज धरायचा तर नुसत्या खुर्च्यांना माणशी ८ ते १० चौरस फूट, क्लासरूमला म्हणजे खुर्चीपुढे टेबल असेल तर १५ ते १८, यू-शेपला २५ ते ३०. पन्नास विक्रेत्यांना कॅटलॉग उघडून लिहायचं असेल तर ९०० चौरस फुटांचा हॉल लागतो. त्याच हॉलला ‘नव्वद माणसं बसतात’ असंही कुणी सांगेल, तेही खोटं नसतं.

मग करार येतो. बँक्वेट सेल्सच्या, म्हणजे हॉटेलचे हॉल विकणाऱ्या विभागाच्या, माणसाशी बोलणं साधारण असं व्हायला हवं.

‘मॅडम, कॉन्ट्रॅक्ट कुणाच्या नावाने काढताय?’

‘कंपनीच्या नावाने, सर. जीएसटी नंबर आला आहे तुमचा.’

‘बिल कंपनीच्याच नावाने राहू द्या. पण इव्हेंट प्लॅनर म्हणून माझं नाव आणि मेंबरशिप नंबर कॉन्ट्रॅक्टमध्येच टाका. सहीही मीच करणार आहे. कंपनीचं अधिकारपत्र मेलला जोडलंय.’

‘सर, नंबर आम्ही नंतर सिस्टीममध्ये टाकतो, काळजी करू नका.’

‘नंतर नको. सही करायच्या प्रतीतच दिसू द्या. सुधारून पाठवा, मी आजच सही करून देतो.’

हा आग्रह धरायलाच हवा. सदस्यत्व माणसाचं असतं, कंपनीचं नसतं. आणि कार्यक्रमाचं श्रेय करारावर ज्याचं नाव त्याला जातं. सही एकाची, नंबर दुसऱ्याचा, बिल तिसऱ्याच्या नावाने, अशी स्थिती झाली की पुढे वाद होतो. करारावरचं नाव सदस्यत्वावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पॅनवर एक आणि अ‍ॅपवर एक. आधी अ‍ॅपमधलं नाव पॅनप्रमाणे करून घ्या.

दुसरा मोठा अडथळा मधल्या एजंटाचा. इव्हेंटवाल्यामार्फत किंवा हॉल शोधून देणाऱ्या वेबसाइटमार्फत बुकिंग केलं तर हॉटेलशी करार त्याचा होतो. त्याच्या बिलातून तुम्ही पैसे देता, हॉटेलच्या लेखी तुम्ही कुणीच नसता. भाव स्वस्त मिळत असेल तर जरूर त्याच्याकडून घ्या, पण मग दर्जाची अपेक्षा सोडा. स्टेज, बॅनर, साउंड बाहेरच्याकडून घेऊन त्याला परस्पर पैसे दिले तर तो खर्चही पॉइंटांत धरला जात नाही. कर तर धरलाच जात नाही.

तिसरा अडथळा लहान मीटिंगांचा, आणि हयातच्या वीसांत नेमक्या लहान मीटिंगच जास्त असतात. आठ जण आहेत, दोन तासांचं काम आहे, म्हणून हॉटेल म्हणतं की कशाला करार, या आणि बसा, जेवणाचं बिल रेस्टॉरंटमधून होईल. माणूसही खूश, कागद वाचला. पण रेस्टॉरंटच्या बिलावर फाडलेली मीटिंग सेल्सच्या सिस्टीममध्ये कार्यक्रम म्हणून जन्मालाच येत नाही. तिचं श्रेय नंतर मिळवणं जवळजवळ अशक्य. आठ जण असले तरी करार, फंक्शन प्रॉस्पेक्टस आणि मास्टर बिल (सगळ्या कार्यक्रमाचं एकत्र बिल), हे तीन कागद मागून घ्या. हॉटेलचा बोर्डरूमसाठी किमान खर्च ठरलेला असेल तर तोही त्यात लिहून येतो. आणि बोर्डरूमचं भाडं माफ करून फक्त प्लेटवर पैसे घेत असतील तरी हरकत नाही. करारात हॉलचं नाव, वेळ आणि शून्य भाडं असं दिसलं की झालं.

फंक्शन प्रॉस्पेक्टस, ज्याला बँक्वेटवाले एफपी म्हणतात, तो पान-दीड पानाचा कागद असतो. वर तारीख, हॉल, वेळ, रचना. खाली मिनिट-मिनिटाचा चहा-जेवणाचा क्रम, मेनू, माइक किती, पोडियम कुठे, स्क्रीन कुठल्या भिंतीला. तळाशी एमजी, म्हणजे कमीत कमी किती प्लेटचे पैसे द्यावेच लागतील तो आकडा, आणि बिलिंगची सूचना. सूचनेच्या ओळीत कंपनीचं नाव, जीएसटी नंबर आणि तुमचा मेंबरशिप नंबर तिन्ही असावेत. कारण बिल बंद करणारा अकाउंटवाला करार उघडत नाही, त्याच्यापुढे हाच कागद असतो.

एमजी धरताना आपल्या भागाचा विचार करा. ऐंशी विक्रेत्यांनी येतो म्हटलं तरी लगीनसराईत वीसेक जण गळतात. रावेर-यावलची मंडळी केळीची कापणी लागली की येत नाहीत. नंदुरबार-शहाद्याचे संध्याकाळची गाडी गाठायला चारलाच उठतात आणि हाय-टीच्या प्लेटा तशाच राहतात. आखाजीच्या आठवड्यात मीटिंग ठेवणं म्हणजे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवणं, त्यात तो मुहूर्ताचा दिवस, हॉटेलही हॉल चढ्या भावाने देणार. एमजी सांगितलेल्या आकड्याच्या ७५ ते ८० टक्के लिहावा, आणि वर आलेल्या माणसांना ठरल्या भावानेच प्लेट मिळेल असं एफपीत नोंदवून घ्यावं. पॉइंट वाढावेत म्हणून एमजी फुगवण्यात काही अर्थ नाही. न खाल्लेल्या दहा प्लेटांच्या पैशांत हयातच्या दराने मिळणारे पॉइंट अडीचशेच्या पुढे जात नाहीत.

बिल बंद होण्याआधी एकदा प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, मागून घ्या आणि जीएसटी नंबरचा एक एक अंक तपासा. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या हॉटेलला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल, काढावं लागतं, आणि ते रद्द करायचं तर चोवीस तासांतच करता येतं. त्यानंतर चूक सापडली तर क्रेडिट नोट आणि नवं बिल. या फेऱ्यात कार्यक्रमाची नोंद लांबते. पैसे पूर्ण जमा होईपर्यंत हॉटेल खातं बंद करत नाही, आणि खातं उघडं असेपर्यंत पॉइंट पडत नाहीत. कंपनी टीडीएस कापणार असेल तर किती आणि कशावर ते आधीच लेखी कळवा, नाहीतर कापलेली रक्कम हॉटेलच्या वहीत बाकी म्हणून दिसत राहते.

डीलर मीटिंगवाल्यांसाठी कराचीच आणखी एक बाब. व्यवसायातून मिळणाऱ्या लाभावर दहा टक्के टीडीएस कापायची तरतूद २०२२ पासून आहे, सगळे तिला १९४आर म्हणून ओळखतात. नवं उत्पादन समजावणं, विक्रीचं तंत्र शिकवणं, ऑर्डर घेणं, हिशोब जुळवणं यासाठी घेतलेली परिषद हा विक्रेत्याला दिलेला लाभ धरला जात नाही, असं आयकर विभागाने परिपत्रकात सांगितलं आहे. मात्र टार्गेट पूर्ण केलेल्या निवडक विक्रेत्यांनाच बोलावलं, कुटुंबाला सोबत आणलं किंवा सहल जोडली, तर तो खर्च लाभात जातो. म्हणून एफपीत आणि निमंत्रणपत्रिकेत कार्यक्रमाचा क्रम स्पष्ट असावा.

आता नंबर कुणाचा टाकायचा? पैसे कंपनीचे आहेत, त्यामुळे मालकाला विचारून, दोन ओळींचं लेखी घेऊनच टाकावा. घरचा धंदा असेल आणि भाऊ-काका मिळून बघत असतील तर वर्षभर एकाच्याच नंबरवर ठेवावं. पाच कार्यक्रम दादांच्या, सात काकांच्या, आठ पुतण्याच्या नावावर पडले तर कुणालाच ग्लोबलिस्ट मिळत नाही, आणि कार्यक्रम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येत नाहीत. सरकारी खातं, जिल्हा परिषद, महामंडळ यांच्या कार्यक्रमावर अधिकाऱ्याने स्वतःचा नंबर टाकू नये. सार्वजनिक पैशावर वैयक्तिक लाभ घेणं होतं ते, आणि साखळ्यांचे नियमही सरकारी नोकरांना आयोजकाचे पॉइंट द्यायला मनाई करतात.

लग्नाचं बुकिंगही कार्यक्रमच आहे. मुलीकडच्यांनी करार केला तर नंबर त्यांच्यातल्या सही करणाऱ्याचा. पाच लाखांच्या लग्नात कुणी हे बघत नाही, पण साखरपुडा, हळद आणि रिसेप्शन वेगवेगळ्या तारखांना, वेगळ्या करारांवर होणारच असतील तर ते तीन वेगळे कार्यक्रम असतात.

डिसेंबरचे कार्यक्रम शक्यतो पंधरा तारखेच्या आत उरकावेत. मोजणी कॅलेंडर वर्षाची आहे, आणि महिनाअखेरीस हॉटेलं लग्न आणि थर्टी फर्स्टच्या धांदलीत असतात. विसावा कार्यक्रम २८ डिसेंबरला ठेवून नोंद चुकली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. एकोणीस झाले आणि वर्ष संपलं तर ते एकोणीस पुढच्या वर्षात जात नाहीत. पावसाळ्यात, जून अखेरपासून ऑगस्टपर्यंत, शहरातल्या बिझनेस हॉटेलांचे हॉल तुलनेने मोकळे असतात. मुहूर्त नसतात, भाव खाली येतात. प्रशिक्षण आणि आढावा तेव्हाच घ्यावा.

कार्यक्रम झाल्यावर दोन-तीन आठवडे अ‍ॅपवर नजर ठेवा. पॉइंट आले पण कार्यक्रमांचा आकडा वाढला नाही, असंही होतं, म्हणून दोन्ही रकाने वेगवेगळे पाहा. काहीच आलं नाही तर आधी हॉटेलच्या सेल्सला मेल करा, कारण नोंद त्यांनाच पाठवायची असते. ज्याने बुकिंग घेतलं तो माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असण्याची शक्यता मोठी, म्हणून मेल विभागाच्या सामाईक पत्त्यावरही जाऊ द्या. मेलला सही केलेला करार, एफपी, अंतिम बिल आणि पैसे भरल्याची पावती जोडा. मजकुरात तारीख, हॉल, बिल क्रमांक, मेंबरशिप नंबर. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर हेच चार कागद साखळीच्या ग्राहक सेवेकडे पाठवा, आणि हॉटेलला केलेला मेल खाली तसाच ठेवा. कागद पीडीएफमध्ये असावेत, बिलाच्या प्रत्येक पानासकट. मोबाइलवर काढलेल्या अर्धवट फोटोत कराराचं शेवटचं पान सुटतं, आणि सही नेमकी त्याच पानावर असते.